क्लाउड सर्व्हरवर टेक्स्चर गुलाबी, डी ड्राइव्ह रिकामा, सी ड्राइव्ह फुल: घोडं नेमकं कुठं पेंड खातंय

प्रॉब्लेम असा. रेंडरसाठी, म्हणजे थ्रीडी सीनपासून फ्रेम काढायला, क्लाउडवर जीपीयूवाला (ग्राफिक्स कार्डवाला) सर्व्हर भाड्यानं घेतला, सीन चढवला, आपल्या मशीनवर मस्त दिसणारा सीन तिकडे उघडला तर अर्धं मॉडेल गुलाबी, म्हणजे त्याच्यावर चढवलेली चित्रं, टेक्स्चर, सापडत नाहीत. ते तासभर निस्तरलं, टेस्ट फ्रेम काढली, खूश होऊन सर्व्हर बंद केला, दोन दिवसांनी परत चालू केला तर परत गुलाबी आणि आता तर ज्या ड्राइव्हवर टेक्स्चर ठेवली होती तो ड्राइव्हच दिसत नाही. नाहीतर दिसतोय पण रिकामा. नाहीतर सगळं जागच्या जागी आहे पण रात्रीत सी ड्राइव्ह भरून रेंडर ९० व्या फ्रेमला मेला.

मला हे इतक्या वेळा झालंय की मी प्रत्येक वेळचा उपाय एका वहीत लिहून ठेवायला लागलो आणि बऱ्याच दिवसांनी वही चाळली तेव्हा कळलं की सगळ्या रोगांचं मूळ एकच आहे, मी ड्राइव्हच्या अक्षरावर विश्वास ठेवतोय. आपल्या घरच्या पीसीवर डी म्हणजे डी, वर्षानुवर्षं तीच डिस्क, त्यामुळे सवय लागलेली असते. सर्व्हरवर डी ही नुसती पाटी आहे. पाटीमागे काय बसलंय ते दर वेळी बदलू शकतं. म्हणून आता कुठल्याही ड्राइव्हवर एक बाइटही टाकण्याआधी मी तीन गोष्टी बघतो: सर्व्हर बंद केल्यावर हे राहणार का, ही डिस्क खरी कुठं आहे (त्याच मशीनमध्ये, नेटवर्कपलीकडे, का चक्क माझ्याच टेबलावर), आणि रेंडर करणाऱ्या प्रोग्रामला ती दिसते का. खाली जे लिहिलंय ते सगळं ह्या तिन्हींतच कुठंतरी बसतं. उदाहरणं विंडोज सर्व्हरची आहेत कारण मी तेच वापरतो, लिनक्सवाल्यांसाठी मध्ये मध्ये आहे थोडं.

आधी माझी फजिती, म्हणजे पुढचं पटेल

एका कामाच्या ४१२ फ्रेम रात्रभर काढल्या. सर्व्हरवर सी ड्राइव्ह छोटा होता आणि डी ड्राइव्ह मोठा, रिकामा आणि भन्नाट फास्ट, मग काय, आउटपुट दिलं डी वर. सकाळी उठून मोबाइलवरूनच बघितलं, रेंडर संपलंय, म्हटलं मीटर कशाला चालू ठेवा, चहा झाल्यावर निवांत डाउनलोड करू, म्हणून कंट्रोल पॅनलमधून सर्व्हर स्टॉप केला. तासाभरानं चालू केला तर डी ड्राइव्ह कोरा. म्हणजे फाइल डिलीट झाल्यासारख्या नाही, फोल्डरसुद्धा नाही, जणू आत्ताच फॉरमॅट करून हातात दिलाय. इमेज व्ह्यूअरच्या रिसेंट लिस्टमध्ये फ्रेम ३८७ चं नाव दिसत होतं, क्लिक केलं की फाइल सापडत नाही. रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून बघितलं, काही नाही, आणि असणार तरी काय, ती डिस्कच वेगळी होती. सर्व्हर परत चालू झाला तो दुसऱ्याच मशीनवर.

हा डी म्हणजे तात्पुरता ड्राइव्ह. सर्व्हर ज्या खऱ्याखुऱ्या लोखंडी मशीनवर चालतो त्या मशीनमधली एसएसडी थेट वापरायला देतात, म्हणून ती फास्ट असते, आणि म्हणूनच ती आपल्याबरोबर येत नाही. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसवर ह्याला इन्स्टन्स स्टोअर म्हणतात, रीबूट केला तर डेटा राहतो, स्टॉप केला की गेला. मायक्रोसॉफ्टच्या अझूरवर ज्या मशीनला टेम्पररी डिस्क असते त्यात विंडोजवर ती बहुतेक डी म्हणूनच येते आणि तिच्यावर एक टेक्स्ट फाइल ठेवलेली असते जिच्या नावातच डेटालॉस वॉर्निंग असं लिहिलंय. ती फाइल दिसली तर निदान एकदा उघडा, आपण सगळे ती नजरेआड करतो.

इथं गोंधळ होतो तो रीबूट आणि स्टॉप ह्या दोन शब्दांचा. रीबूटमध्ये मशीन तेच राहतं. स्टॉपमध्ये मशीन परत दुकानात जातं आणि पुढच्या वेळी कुठलं मिळेल ते मिळेल. बरं आणखी एक, अझूरवर विंडोजच्या आतून शटडाउन केलं तर मशीन थांबतं पण सोडलं जात नाही, बिल चालूच राहतं, पोर्टलमधून स्टॉप करून ते डीअलोकेट झालं, म्हणजे सोडलं गेलं, तरच मीटर थांबतो. आणि एडब्ल्यूएसवर सर्व्हर थांबवला तरी जोडलेल्या कायमच्या डिस्कचं भाडं चालू असतं. म्हणजे बिल वाचवायच्या नादात कोण कुठं काय बंद करतोय ह्याचा पत्ता नाही, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

मग तात्पुरता ड्राइव्ह वापरायचाच नाही का? वापरायचा, जरूर वापरायचा, फक्त कॅश, टेम्प, सिम्युलेशनचा (धूर, पाणी वगैरेचा) चाचणी बेक, म्हणजे आधी मोजून ठेवलेला निकाल, असल्या परत बनवता येणाऱ्या गोष्टींसाठी. जे गेलं तर रडू येईल ते तिथं नको. मी आता अशा ड्राइव्हचं लेबलच बदलून "मरणार" असं ठेवतो. डिस्कवर राइट क्लिक, रीनेम, झालं. हसू येतं पण रात्री दोन वाजता आउटपुट पाथ (फाइल ठेवायचा पत्ता) निवडताना तेच नाव डोळ्यासमोर येतं.

ड्राइव्ह होता, आता दिसतच नाही

हे वरच्यापेक्षा वेगळं आहे, इथं डेटा बहुतेक वेळा सुखरूप असतो, फक्त पाटी पडलेली असते. कायमची डिस्क वेगळी घेऊन सर्व्हरला जोडलीय, एक्सप्लोररमध्ये दिसत नाही, लोक घाबरतात. पहिलं काम, डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथं ती डिस्क ऑफलाइन म्हणून बसलेली असेल. काही सर्व्हर इमेजवर (सर्व्हर उभा करायच्या तयार साच्यावर) विंडोजची सेटिंगच अशी असते की नवीन आलेली डिस्क आपोआप चालू करायची नाही, आणि एकाच स्नॅपशॉटपासून (डिस्कच्या जतन केलेल्या कॉपीपासून) बनवलेल्या दोन डिस्क एकाच सर्व्हरला जोडल्या तर दोघींची सही सारखी म्हणून विंडोज दुसरी ऑफलाइन ठेवतं. डाव्या बाजूच्या डिस्कच्या नावावर राइट क्लिक करून ऑनलाइन करा, बस.

आता इथं सावध. डिस्क मॅनेजमेंट कधी कधी विचारतं की डिस्क इनिशियलाइझ करू का, किंवा एक्सप्लोरर म्हणतो ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल. डिस्क आत्ताच नवी कोरी घेतली असेल तर हो म्हणा (आणि पार्टिशनची पद्धत जीपीटी निवडा, जुन्या एमबीआरवर २ टीबीच्या वरची जागा वापरता येत नाही). पण जिच्यात आपला डेटा आहे असं तुम्हाला वाटतंय तिच्याबद्दल हा प्रश्न आला तर हात मागे घ्या. एकतर तुम्ही चुकीची डिस्क जोडलीय किंवा ती दुसऱ्या कुठल्या सिस्टिममध्ये, म्हणजे लिनक्समध्ये वगैरे, फॉरमॅट झालेली आहे. ओके दाबायची सवय इथं महागात पडते.

दुसरा प्रकार, डिस्क दिसते पण काल ई होती आज एफ झालीय. डिस्क जोडायचा क्रम बदलला, सर्व्हर नवीन इमेजपासून उभा केला किंवा दरम्यान तात्पुरत्या डिस्कनं आधी येऊन अक्षर बळकावलं, काहीही कारण असू शकतं. सीनमधले सगळे पाथ ई वरचे, त्यामुळे सगळं गुलाबी. उपाय म्हणजे प्रोजेक्टच्या डिस्कला वर्णमालेच्या शेपटाकडचं एखादं अक्षर हातानं द्या, मी पी देतो, प्रोजेक्टचा पी, आणि आपल्या घरच्या मशीनवरही तोच पी बनवा. घरी वेगळी डिस्क नसली तरी चालतं, सबस्ट नावाची विंडोजची जुनी कमांड आहे, ती कुठल्याही फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर देते. मग दोन्हीकडे पाथ सारखे. ह्या एका गोष्टीनं माझी निम्मी डोकेदुखी गेली.

पण सबस्टचा एक चावटपणा आहे, लॉगऑफ केलं की तो पी गायब होतो, तेव्हा स्टार्टअपमध्ये छोटी बॅच फाइल टाकून ठेवा. आणि दुसरं म्हणजे रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करून उघडलेल्या प्रोग्रामला साध्या यूजरनं बनवलेला पी दिसत नाही. तुम्ही म्हणता एक्सप्लोररमध्ये तर दिसतोय, हो, तुम्हाला दिसतोय, त्याला नाही. नेटवर्कचे मॅप केलेले ड्राइव्हही असेच, ज्याच्या लॉगिनमध्ये मॅप केला त्यालाच दिसतो. रेंडर मॅनेजर (रेंडरची कामं वाटणारा प्रोग्राम) जर विंडोज सर्व्हिस म्हणून, तुमच्या लॉगिनबाहेर, चालत असेल तर त्याच्यासाठी तुमचा झेड ड्राइव्ह अस्तित्वातच नाही. मी दोन दिवस परमिशन तपासत बसलो होतो, एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन झालं, आणि कारण हे. तिथं अक्षराचा नाद सोडून दोन बॅकस्लॅशनं सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पाथ द्यायचा, तो सगळ्यांना सारखा. पाथ चालला पण ॲक्सेस डिनाइड आलं तर मात्र खरंच परमिशनचं काम, सर्व्हिस ज्या अकाउंटनं चालते त्याला शेअरवर हक्क आहेत का ते बघा.

गुलाबी टेक्स्चर, अक्षर बरोबर असूनही

ब्लेंडर ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्चर सापडलं नाही की गुलाबी दिसतं हे सगळ्यांना माहीत आहे. फाइल मेनूत एक्स्टर्नल डेटामध्ये रिपोर्ट मिसिंग फाइल्स आहे, आधी ते चालवा आणि काय सापडत नाहीये ते वाचा, अंदाजपंचे फोल्डर कॉपी करत सुटू नका. पाथ जर डेस्कटॉप किंवा डाउनलोड्सचा दिसला तर झालं, कधीतरी घाईत ब्राउझरमधून उतरवलेलं टेक्स्चर तसंच ओढून लावलं होतं. त्याच मेनूत मेक पाथ्स रिलेटिव्ह (पाथ ड्राइव्हच्या अक्षरापासून नाही, सीनच्या फाइलपासून मोजायचा) आहे पण ते एका अटीवर चालतं, सीन आणि टेक्स्चर एकाच ड्राइव्हवर हवेत. विंडोजवर सी वरून डी वर रिलेटिव्ह पाथ जाऊच शकत नाही. लोक रिलेटिव्ह केलं केलं म्हणतात आणि अर्ध्या फाइल ॲब्सोल्यूटच राहिलेल्या असतात. सोपं हवं असेल तर पॅक रिसोर्सेस, सगळं सीनच्या फाइलमध्येच भरायचं, फाइल फुगते पण एकच फाइल न्यायची. फक्त सिम्युलेशनचे कॅश, अलेम्बिक (हलणारी मॉडेल), व्हीडीबी (धूर, ढग) ह्या गोष्टी पॅकमध्ये येत नाहीत, त्या वेगळ्या न्याव्याच लागतात, आणि धूर रेंडरमध्ये न दिसण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच.

बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल गोळा करायचं किंवा पाथ तपासायचं थोडक्यात: सिनेमा फोरडीत सेव्ह प्रोजेक्ट विथ ॲसेट्स, आफ्टर इफेक्ट्समध्ये कलेक्ट फाइल्स, थ्रीडीएस मॅक्समध्ये शिफ्ट टी दाबून ॲसेट ट्रॅकिंग, मायामध्ये आधी सेट प्रोजेक्ट आणि मग फाइल पाथ एडिटर, हुडिनीत पाथ हिप किंवा जॉब व्हेरिएबलनं सुरू होतायत का ते बघणं. हे सगळं आपल्या मशीनवर करायचं, सर्व्हरवर जाऊन नाही, कारण तिथं मिनिटाला पैसे चालू आहेत.

आणि खरी परीक्षा घ्यायची असेल तर चढवण्याआधी घरीच तुमच्या मूळ टेक्स्चर फोल्डरचं नाव दोन मिनिटं बदला आणि गोळा केलेल्या कॉपीतून सीन उघडा. जे गुलाबी व्हायचं ते इथंच होईल, फुकटात.

रेंडर नोड (रेंडर करणारं मशीन) लिनक्सवर असेल तर आणखी एक मजा, तिथं कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरतात. सीनमध्ये नाव स्मॉलमध्ये, डिस्कवर फाइलचं एक्स्टेन्शन कॅपिटल जेपीजी, विंडोजवर चालतं, तिथं नाही. तसंच फाइलला मराठीत नाव देणं, मलाही आवडतं, पण रेंडरच्या पाइपलाइनमध्ये नको, मधल्या एखाद्या जुन्या स्क्रिप्टला ते वाचता येत नाही आणि एरर मात्र भलताच येतो. स्पेसचंही तेच, अंडरस्कोर टाका.

लांबलचक पाथचं दुखणं मात्र सगळ्यात फसवं. विंडोजमध्ये पाथची जुनी मर्यादा २६० अक्षरांची. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून ती उठवता येते पण सेटिंग चालू करावी लागते आणि त्या त्या प्रोग्रामनंही ते मानायला पाहिजे. घरी प्रोजेक्ट होता पी च्या मुळाशी, सर्व्हरवर तुम्ही झिप उघडली यूजर्स, ॲडमिनिस्ट्रेटर, डेस्कटॉप, न्यू फोल्डर, फायनल, फायनल टू असल्या सातव्या तळघरात, आणि झिपनं परत स्वतःच्या नावाचा एक फोल्डर बनवला. शेवटच्या काही टेक्स्चरचे पाथ मर्यादेबाहेर गेले, त्या फाइल उघडल्याच नाहीत आणि आपण म्हणतो झिप करप्ट आहे. झिप नेहमी ड्राइव्हच्या मुळाशी, छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये उघडा.

अपलोड संपतच नाही

रिमोट डेस्कटॉपमधून फाइल कॉपी करून पलीकडे पेस्ट करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. छोट्या फाइलला ठीक. क्लिपबोर्डनं २ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही, आणि वाईट म्हणजे धड एररही येत नाही, नुसतं काही होत नाही. क्लिपबोर्डच मेला असेल, म्हणजे साधा मजकूरही पेस्ट होत नसेल, तर सर्व्हरच्या टास्क मॅनेजरमध्ये आरडीपीक्लिप नावाचा प्रोसेस बंद करून परत चालू करा, निम्म्या वेळा तेवढ्यानं भागतं.

रिमोट डेस्कटॉपमध्ये आपल्या घरचे ड्राइव्हही सर्व्हरवर दिसायची सोय असते, दिस पीसीमध्ये आपलाच सी तिथं दिसतो. मोठी फाइल त्यातून जाते, पण तो ड्राइव्ह सर्व्हरवर नाही, तो तुमच्या टेबलावर आहे, प्रत्येक बाइट तुमच्या इंटरनेटमधून येतो. मी लोकांना टेक्स्चर थेट तिथून वाचायला लावलेले सीन बघितलेत, जीपीयू शून्यावर बसलेला आणि हे म्हणतायत सर्व्हर स्लो आहे. त्याहून वाईट म्हणजे आउटपुट त्या ड्राइव्हवर देणं. रात्री तुमचा लॅपटॉप झोपला, किंवा नेट पाच मिनिटं गेलं, की सेशन सर्व्हरवर चालू राहतं, रेंडरही चालू राहतो, पण तो ड्राइव्ह गेला, मग फ्रेम लिहायची कुठं? रेंडर बोंबलतो. आउटपुट सर्व्हरच्या कायमच्या डिस्कवर, आणि तिथून खाली आणायचं, बस.

वेळेचा हिशोब आधी करा. इंटरनेट कंपनी सांगते ते मेगाबिट, फाइल आपण मोजतो मेगाबाइटमध्ये, आठानं भागायचं. अपलोड २० एमबीपीएस असेल तर सेकंदाला अडीच एमबी, ४० जीबीचा प्रोजेक्ट चढायला साडेचार तास, तेही लाइन शंभर टक्के भरून चालली तर. आणि सर्व्हर चालू ठेवून अपलोड केलं तर तेवढा वेळ जीपीयूचं भाडं नुसतं बसून. नाकापेक्षा मोती जड. म्हणून आधी ऑब्जेक्ट स्टोरेजवर (क्लाउडमधल्या फाइलच्या गोदामात) किंवा सेवेच्या फाइल ट्रान्सफर ॲपमधून सर्व्हर बंद असताना चढवायचं, मग सर्व्हर चालू करून त्यांच्या आतल्या फास्ट नेटवर्कवरून खाली ओढायचं.

दुसरी गोष्ट, हजारो बारक्या फाइल. प्रत्येक फाइलमागे उघड, विचार, बंद कर असा जो जाऊन येण्याचा वेळ असतो तो अर्धा सेकंद जरी धरला तरी ६००० फाइलना ५० मिनिटं नुसती त्यातच गेली, डेटाचं वजन कितीही असो. एकच झिप करा, आणि टेक्स्चर जेपीजी पीएनजी असतील तर कॉम्प्रेशन न करता, सेव्हन झिपमध्ये स्टोअर निवडून, कारण ती आधीच आवळलेली आहेत, परत आवळून सीपीयू तापण्यापलीकडे काही होत नाही. पलीकडे उघडताना सेव्हन झिपच्या खिडकीतून फाइल ओढून पी वर टाकू नका, बऱ्याचदा ते आधी सी वरच्या टेम्पमध्ये उघडतं आणि मग तिथून कॉपी करतं, म्हणजे वेळ दुप्पट आणि सी चा श्वास कोंडतो. एक्स्ट्रॅक्ट बटण दाबून तिथं पी चा पाथ द्या.

गूगल ड्राइव्हच्या वेबसाइटवरून अख्खा फोल्डर उतरवला तर ते त्याच्या अनेक झिप करून देतं, त्यातली एखादी मधली उतरायची राहिली तरी आपल्याला कळत नाही, कळतं ते गुलाबी दिसल्यावर. फाइलची संख्या दोन्हीकडे मोजा, फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, एवढंच काम आहे. शिवाय तिथं एका यूजरला दिवसाला ७५० जीबीच अपलोड करता येतं, मोठ्या सीक्वेन्सवाल्यांनी लक्षात ठेवा.

रोज बदललेलं तेवढंच पाठवायचं तर रोबोकॉपी (विंडोजची कॉपीची कमांड) किंवा आरक्लोन (क्लाउडवर कॉपी करायचा प्रोग्राम). रोबोकॉपीचं एक माहीत पाहिजे, एखादी फाइल लॉक असेल तर ते तिच्यासाठी डिफॉल्टनं दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. म्हणजे ते अडकलेलं नसतं, ते तुमच्या नातवंडांपर्यंत वाट बघायला बसलेलं असतं. आर आणि डब्ल्यूचे स्विच देऊन दोन वेळा, पाच सेकंद असं करा. एमटी स्विचनं एकाच वेळी अनेक फाइल जातात. आणि एमआयआर, म्हणजे मिररचा स्विच, कृपा करून विचार करून वापरा, जे उगमात नाही ते पलीकडून पुसून टाकतो. आरक्लोनचं सिंकही तसंच, कॉपी वापरा, आणि सिंक वापरायचंच असेल तर आधी ड्राय रन करून काय काय उडणार ते वाचा. रिकामा झालेला तात्पुरता ड्राइव्ह उगम म्हणून देऊन घरच्या फ्रेमवर मिरर मारलेला माणूस मला माहीत आहे. आरशात रोज दिसतो.

सी ड्राइव्ह फुल, आणि आपण तर तिथं काही ठेवलंच नाही

आपण नाही ठेवलं, सॉफ्टवेअरनं ठेवलं. ब्राउझरचे डाउनलोड, टेम्प, विंडोजची पेजफाइल (मेमरी कमी पडली की वापरायची फाइल), आफ्टर इफेक्ट्सचा डिस्क कॅश, रेडशिफ्ट ह्या रेंडररचा टेक्स्चर कॅश, ऑब्जेक्ट स्टोरेज ड्राइव्हसारखा लावणाऱ्या आरक्लोन माउंटचा कॅश, हे सगळं काही सांगितलं नाही तर सी वरच यूजरच्या फोल्डरात जाऊन बसतं. रेडशिफ्टचा पाथ रेडशिफ्ट कॅशपाथ ह्या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलनं बदलता येतो, बाकीच्यांचा त्यांच्या सेटिंगमध्ये. हे सगळे हलवायची जागा म्हणजे तो आपला "मरणार" ड्राइव्ह, त्याच्यासाठी ह्याहून योग्य काम नाही. ब्लेंडरमध्ये आउटपुट पाथ बदलायचा विसरलात तर तो मूळचा टेम्पचा असतो आणि विंडोजवर फ्रेम सी वरच्या टीएमपी फोल्डरात पडतात, रेंडर झाला पण फ्रेम कुठं आहेत विचारणाऱ्यांनी आधी तिथं बघा.

आउटपुटचं वजनही लोक धरत नाहीत. फोरके म्हणजे ३८४० गुणिले २१६०, चार चॅनल, हाफ फ्लोट म्हणजे प्रत्येकी दोन बाइट, ईएक्सआर फॉरमॅटची एक फ्रेम न आवळता साधारण ६६ एमबी. २५० फ्रेमना साडेसोळा जीबी, आणि हे एकाच लेअरचं, पास (सावली, खोली वगैरेचे वेगळे थर) वाढवले की त्या पटीत. ३२ बिट फक्त जिथं लागतं तिथं, डेप्थ, क्रिप्टोमॅट (वस्तू वेगळ्या करायचा पास) वगैरेला, ब्यूटीला, म्हणजे मुख्य चित्राला, हाफ पुरतो.

डिलीट करूनही जागा होत नसेल तर रीसायकल बिन बघा, प्रत्येक ड्राइव्हचा आपापला असतो. पॅनलमधून डिस्क मोठी केली पण विंडोजमध्ये तेवढीच दिसते, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन एक्स्टेंड व्हॉल्यूम करावं लागतं, आणि सी च्या बाबतीत ते बटण धूसर दिसत असेल तर मध्ये रिकव्हरी पार्टिशन येऊन बसलंय. अशा वेळी ते पार्टिशन उडवायच्या भानगडीत पडण्यापेक्षा वेगळी डिस्क जोडणं सोपं.

पहिली फ्रेमच कासवासारखी

एडब्ल्यूएसवर स्नॅपशॉटपासून बनवलेल्या डिस्कवर हे हमखास होतं. डिस्क लगेच दिसते, फाइल दिसतात, पण खरा डेटा पहिल्यांदा वाचाल तेव्हा मागून ओढला जातो. म्हणून पहिली फ्रेम रखडते आणि दुसरी पळते. रेंडरच्या आधी अख्खा प्रोजेक्ट फोल्डर एकदा तात्पुरत्या ड्राइव्हवर कॉपी करून घेतला तर हा ओढाओढीचा भाग एकदाच उरकतो, आणि पुढचं वाचनही फास्ट डिस्कवरून होतं. अक्षर बदलेल, तेव्हा पाथ रिलेटिव्ह हवेत, हे विसरू नका. आणि एडब्ल्यूएसच्या जीपी३ डिस्कचा मूळ वेग सेकंदाला १२५ एमबी असतो, वाढवून घेतला नाही तर तेवढाच, मग ३० जीबीचा कॅश वाचायला चार मिनिटं लागली म्हणून सर्व्हरला शिव्या देऊ नका.

सर्व्हर बंद करायच्या आधी

ब्लेंडरमध्ये मी ओव्हरराइट बंद आणि प्लेसहोल्डर्स (फ्रेम सुरू होताच तिच्या नावाची रिकामी फाइल बनवणं) चालू ठेवतो, म्हणजे रेंडर मध्ये मेला तरी झालेल्या फ्रेम सोडून पुढून सुरू होतो आणि दोन सर्व्हर एकाच फोल्डरवर लावता येतात. ह्याची खोच अशी की जी फ्रेम काढताना सर्व्हर मेला तिची शून्य बाइटची फाइल तशीच पडून राहते, आणि पुढच्या वेळी ब्लेंडर म्हणतं ही तर झालेली आहे. फोल्डरमध्ये आकारानं सॉर्ट केलं की त्या सगळ्या एका टोकाला गोळा होतात, त्या उडवून रेंडर परत लावायचा. खाली उतरवल्यावर फाइलची संख्या दोन्हीकडे जुळवतो, पहिली, मधली कुठलीतरी आणि शेवटची फ्रेम घरच्या मशीनवर उघडून बघतो आणि मगच स्टॉप दाबतो. मागच्या आठवड्यात संख्या बरोबर जुळली होती, ६०० ला ६००, मधल्या सात शून्य बाइटच्या होत्या.